एक शब्द बदलायचा होता

मंगळवारी संध्याकाळी सहाला धक्का दिसेनासा झाला.

धक्का म्हणजे आठ लाकडी खांब, एक दिवा,
आणि दिव्याच्या वर्तुळात मावेल तेवढा बाल्टिक.
आई तार्तूला माझ्याकडे राहायला आली त्या वर्षी
हीउमा बेटावरच्या घरात, खिडकीशी,
मी संगणक चालू ठेवून दिला
आणि त्याला एक डोळा लावला.
ती रोज जेवणाआधी बघते.
काय बघते, कधी विचारलं नाही.

पडद्यावर एकच ओळ: जोडणी होऊ शकली नाही.
खाली कारणं तीन, तिन्ही मोघम,
ताकास तूर लागू न देणारी.
मी माझीच केबल काढून पुन्हा खोचली,
माझाच संगणक बंद करून चालू केला:
चोर सोडून संन्याशाला सुळी.
मग घराच्या पत्त्यावर हाक मारली.
ओ आली,
एकवीस मिलिसेकंदांत, चारदा, न चुकता.
म्हणजे घर आहे, वीज आहे,
दारात कुणी उभंही आहे,
आतलं माणूस तेवढं बोलत नाही.

"एंडेलला फोन कर," आई म्हणाली,
आणि स्वतः केला नाही.

एंडेल शेजारी, म्हणजे पाइनच्या रानातून सातशे पावलं.
टॉर्च, बूट, कुत्रा, सगळ्यांचे आवाज फोनमध्ये.
किल्ली त्याच्या खिशातच होती.
"पंखा फिरतोय," तो म्हणाला, "हात लावला तर गरम आहे.
हां, आज दुपारी कंपनीचा पोरगा येऊन
डबा बदलून गेला. मीच दार उघडलं.
सांगायचं राहिलं."

नव्या राउटरला जुन्या वाटा ठाऊक नव्हत्या.
तळाच्या चिठ्ठीवरचे आकडे एंडेलने चष्मा शोधून वाचले,
आठाला तीन म्हणाला, तिनाला आठ,
मी इथून वाट आखून दिली, दाराचा नंबर टाकला.
तरी नाही.

मग ध्यानात आलं.
अनोळखी डबा पाहून संगणकाने ठरवलं असणार
की आपण आता घरी नाही,
कुठल्यातरी स्टेशनात आहोत, हॉटेलात, परक्यांत.
आणि एकट्या प्रवाशासारखी
आतून कडी लावून घेतली असणार,
त्याच खिडकीत, त्याच टेबलावर बसून.

"मीही इथे पहिला महिना
दाराला खुर्ची लावून झोपायचे," आई म्हणाली.

एक शब्द बदलायचा होता:
'सार्वजनिक'च्या जागी 'खाजगी'.
त्यासाठी एंडेलला आत शिरायला हवं,
आणि आत शिरायला पासवर्ड.
तो आईचा. रोज तीच टाइप करायची, एका बोटाने,
मी तेवढा वेळ नजर वळवायचे.

फोन तिच्यासमोर धरला.
ती फोनकडे बघत राहिली, मग स्वतःच्या बोटांकडे.
"तुझी होडी," म्हणाली. "पहिली."

पलीकडे संगणकाचा पंखा ऐकू येत होता.

"तीर?" एंडेलने विचारलं.

तीर म्हणजे आमच्याकडे एक पक्षी,
पांढरा, चिंचोळ्या पंखांचा, थंडीआधी निघून जाणारा.

"पुढे एकोणीसशे चौऱ्याहत्तर," आई म्हणाली.
"पहिलं अक्षर मोठं."
कुत्रा एकदा भुंकला.
मग कळांचा आवाज. एकेक. फार सावकाश,
जणू चुकलं तर पुन्हा विचारावं लागेल.

सव्वाआठला दिवा आला, मग खांब, मग पाणी.
बटाटे केव्हाच गार झाले होते.
थोड्या वेळाने दिव्याखालून एक टॉर्च गेली,
मागे कुत्रा.
एंडेलच्या घराची वाट त्या बाजूला नाही.

"पासवर्ड बदलायला हवा," मी म्हटलं,
"आता दुसऱ्याला कळला."

"पन्नास वर्षांनी," आई म्हणाली. "राहू दे.
आणि तो टेबललॅम्प जरा सरकव,
पडद्यावर पडतोय."